लाईट बिल फुगलंय? आधी मीटरसमोर उभे राहा

वऱ्हाडात उन्हाळ्याचं लाईट बिल हातात पडतं ते नेमकं जूनमध्ये. मृग लागलेला असतो, बी-बियाण्याचा खर्च डोक्यावर असतो, शाळा उघडायच्या असतात, आणि एरवी हजार-बाराशे येणारं बिल एकदम चार-साडेचार हजारांवर गेलेलं दिसतं. मग अमरावतीच्या राजापेठेत काय नि अकोल्याच्या जठारपेठेत काय, संवाद सारखाच: "मीटर लय पळून राह्यलं, बाप्पा!" कोणी तडक वीज कार्यालयात जाऊन भांडतं, कोणी घाबरून उसनवारी करून भरून टाकतं. कोणी बिल फ्रिजवर ठेवून देतं, आणि हे तिसरं सगळ्यांत महागात पडतं. भरणं किंवा भांडणं यांपैकी काहीही करायच्या आधी अर्धा तास बिल आणि मीटर समोरासमोर ठेवून बघावं. बिल फुगण्याची कारणं मोजकी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. वायरमनच्या कामाला अर्ज करून उपयोग नाही, आणि अर्जाच्या कामाला वायरमन बोलावूनही नाही.

पहिला प्रश्न साधा आहे. वाढलं ते काय? युनिट वाढले, दर वाढला, की या बिलात एकापेक्षा जास्त महिने साचलेत? रुपयांच्या आकड्याकडे बघून हे कळत नाही. बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांच्या तारखा असतात. त्या दोन तारखांमधले दिवस मोजा. रीडिंग तीसऐवजी चाळीस दिवसांनी घेतलं असेल, तर वापर तोच राहूनही युनिट एक-तृतीयांशाने वाढलेले दिसतात. गेल्या काही महिन्यांच्या वापराची नोंद बिलावरच असते. तुलना गेल्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. फेब्रुवारी आणि मे यांची तुलना आपल्याकडे कशातच होत नाही, विजेत तर नाहीच.

मग मीटरपाशी जा. मीटरवर कोरलेला क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी ताडून पाहा. एकाच बोर्डावर सात-आठ मीटर असलेल्या वाड्यात किंवा अपार्टमेंटच्या जिन्याखाली, बिल तुमच्या नावाचं आणि मीटर शेजाऱ्याचं, असला घोळ होतो. नवीन मीटर बसवल्यावर वा वायरिंग बदलल्यावर तर हे हमखास तपासावं. त्यानंतर रीडिंग. डिजिटल मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी असं बरंच काही सरकत जातं. त्यातला ज्याच्याजवळ 'केडब्ल्यूएच' असं लिहून येतं, तोच आपला आकडा. तो बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्त असला पाहिजे, कारण मधे काही दिवस गेलेत. तो बिलातल्या आकड्यापेक्षा कमी निघाला तर वाद तिथेच संपला. रीडिंग चुकलंय. तारखेसह फोटो काढून ठेवा.

बिलावर मीटरची स्थितीही लिहिलेली असते. तिथे 'नॉर्मल' असेल तर रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय. 'लॉक', 'आरएनटी', 'फॉल्टी' किंवा 'इनअ‍ॅक्सेस' असं काही असेल, तर बिल सरासरीवर काढलेलं आहे. घराला कुलूप होतं, मीटर खोलीत बंद होतं, किंवा रीडिंगवाला फिरकलाच नाही. सरासरीचं बिल आलं की आपल्याला बरं वाटतं, कारण ते बहुतेकदा कमी असतं. खरी गडबड त्यातच आहे.

२०२० साली साऱ्या महाराष्ट्राने ती एकत्रच अनुभवली. कोरोनामुळे मार्चच्या अखेरीस घरोघरी जाऊन रीडिंग घेणं थांबलं. एप्रिल आणि मे महिन्यांची बिलं सरासरीने निघाली, आणि ती सरासरी होती त्याआधीच्या हिवाळ्यातल्या महिन्यांची, म्हणजे कूलर माळ्यावर होते तेव्हाची. इकडे सगळं घर दिवसभर घरात, पंखे-कूलर चोवीस तास. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झालं आणि तोवरचा फरक एकाच बिलात आला. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. राज्यभर आरडाओरड झाली, कार्यालयांसमोर रांगा लागल्या. अखेर तीन हप्त्यांत भरण्याची मुभा आणि एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सूट जाहीर करावी लागली. स्वतःचं रीडिंग महावितरणच्या ॲपवरून पाठवण्याची सोय तेव्हाही होती. ज्यांनी ते पाठवलं त्यांना दर महिन्याला खरं बिल आलं, फुगवटा आला नाही. ही सोय साधी आहे, पण सरासरीचं बिल येतंय असं दिसताच तिचा वापर करणारी घरं मला क्वचितच भेटतात.

त्या जूनमधला एक मुद्दा आजही कामाचा आहे. साचलेले युनिट एका महिन्याचे धरायचे की तेवढ्या महिन्यांत वाटायचे? घरगुती विजेचा दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून हे दर युनिटमागे अनुक्रमे ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होते. दर पुढे बदलत राहतात, तुमच्या बिलावरचे चालू दर बघा. गणिताची रीत मात्र तीच. समजा तीन महिन्यांचे मिळून ६०० युनिट एकदम लागले. महिन्याला २०० असे वाटले तर ५,२०२ रुपये होतात. सगळे एकाच महिन्याचे धरले तर ७,८०५. वापर तोच, वीज तीच, फरक २,६०३ रुपयांचा, आणि त्यावर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क. म्हणून साचलेलं बिल आलं की पहिलं वाक्य हे म्हणा: "किती महिन्यांचं धरलंय, टप्प्याचा फायदा दिलाय का?" बहुतेकदा संगणकच तो देतो. पण अधल्यामधल्या महिन्याचं एखादं बिल 'नॉर्मल' म्हणून निघालेलं असेल, तर तो सुटू शकतो. सुटला असेल तर बिल दुरुस्त करून मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

टप्प्यांविषयी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय. ३०० च्या वर एक युनिट गेला की सगळं बिल महागड्या दराने लागतं, असं भलीभली माणसं सांगतात. तसं नाही. पहिले १०० युनिट स्वस्तच राहतात, पुढचे २०० दुसऱ्या दराने, आणि ३०० च्या वरचे जेवढे असतील तेवढेच तिसऱ्या दराने. पण याचा दुसरा अर्थ असा, की महिन्याचा शेवटचा युनिट सगळ्यांत महाग असतो. युनिट दुप्पट झाले तर बिल दुपटीवर थांबत नाही.

एक साधं घर घेऊ. हिवाळ्यात फ्रिज, दिवे, टीव्ही, थोडा गिझर, एखादा पंखा मिळून महिन्याला ११० युनिट. वरच्याच दरांनी, १२८ रुपये स्थिर आकार आणि वीज शुल्क धरून, बिल होतं साडेनऊशेच्या आसपास. त्याच घरात मे महिन्यात चार जुने पंखे दिवसाला बारा तास फिरतात, एकेक ७५ वॅटचा, म्हणजे महिन्याला १०८ युनिट. साधारण २०० वॅटचे दोन कूलर चौदा तास, म्हणजे आणखी १६८. फ्रिज आणि बाकीचं धरून बेरीज जाते ३४० च्या घरात. बिल होतं ४,२०० च्या वर. युनिट तिप्पट, रुपये चौपटीहून जास्त. त्यावर दर महिन्याला बदलणारा इंधन समायोजन आकार वेगळाच. या घरात एसी नाही, मीटर नीट आहे, कोणी काही चोरलेलं नाही. 'मीटर पळतंय' म्हणणाऱ्या दहा घरांतली बरीचशी अशीच निघतात, हे कडू वाटलं तरी आधी तपासून घ्यावं.

आणि आपला उन्हाळाही तसाच आहे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेसाठी कलम १४४ लावावं लागलं. अशा दिवसांत कूलर बंद ठेवा असा सल्ला पुण्या-मुंबईचा माणूसच देऊ जाणे. प्रश्न कूलर चालवण्याचा नाही. तो चालूनही खोली थंड का होत नाही, हा आहे. खिडक्या गच्च बंद करून कूलर लावला की खोलीत दमटपणा साचतो, गारवा येत नाही, मग दुसरा कूलर येतो. हवा बाहेर पडायला समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. दुसरं दुखणं खारपाणपट्ट्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातलं, बोअरचं खारं पाणी कूलरमध्ये भरलं की ताट्यांवर पांढरा थर धरतो, पाणी नीट झिरपत नाही, वारा अडतो, आणि मोटर त्याच युनिटांत गरम हवा फेकत बसते. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या लोकांना हे सांगायला नको. शक्य तिथे नळाचं पाणी वापरा, टाकी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करा, आणि ताट्या हंगामाच्या सुरुवातीलाच नव्या बसवा. गिझरच्या कॉइलवरही हाच थर बसतो आणि पाणी तापायला जास्त वेळ घेतं.

तरीही हिशेब जुळत नसेल, तर मीटर तपासण्याची एक घरगुती पद्धत आहे. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी एका युनिटमागे किती लुकलुकी हे छापलेलं असतं, बहुतेक मीटरवर ३२०० किंवा १६००. घरातलं सगळं बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. इन्व्हर्टर, वाय-फायचा डबा, फोनचे चार्जर, सगळं प्लगमधून काढा. दिवा थांबायला हवा. तो लुकलुकत राहिला तर घराच्या वायरिंगमध्ये कुठेतरी वीज गळतेय. मग मेन स्विचही बंद करा. तरी लुकलुकतोय? मग गळती मीटर आणि मेन स्विच यांच्या मधल्या वायरमध्ये आहे, किंवा तिथून दुसऱ्याच कोणाची जोडणी गेलीय, किंवा दोष मीटरचाच आहे. आता मेन चालू करून फक्त एक कूलर लावा आणि मिनिटभर लुकलुकी मोजा. २०० वॅटच्या कूलरला ३२०० च्या मीटरवर मिनिटाला दहा-अकरा लुकलुकी यायला हव्यात, दीड हजार वॅट खेचणाऱ्या एसीला ऐंशीच्या आसपास. कूलरला वीस-बावीस दिसल्या तर एक तर त्याची मोटर जुनाट होऊन जास्त वीज खातेय, किंवा मीटर खरंच पळतंय. दुसऱ्या एखाद्या, वॅट नीट माहीत असलेल्या वस्तूवर पुन्हा मोजलं की दोघांपैकी कोण ते कळतं. अर्जात हे आकडे लिहिले तर समोरचा माणूसही वेगळ्या नजरेने बघतो.

गळतीची गोष्ट नुसती पैशांची नाही. लोखंडी कूलरच्या अंगात वीज उतरून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. मीटरवरचा अर्थचा दिवा लागलेला दिसला, किंवा कूलरला हात लावला की मुंग्या येतात असं वाटलं, तर बिलाचं नंतर बघा. त्याच दिवशी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. पाणी भरताना कूलरचा प्लग काढलेलाच असावा. जुन्या वाड्यांत भिंतीतून गेलेल्या, ओल धरलेल्या वायरी हे गळतीचं नेहमीचं ठिकाण, आणि गच्चीवरचा मोटरपंप हे दुसरं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, अमरावतीत एक दिवसाआड, अकोल्यात तर त्याहून जास्त दिवसांनी, त्यामुळे नळ आला की सारी गल्लीच एकदम मोटर चालू करते. दाब उतरतो, मोटर जास्त वेळ चालते, आणि एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. टाकी भरून वाहू लागली तरी ती चालूच असते, हे वेगळं.

मीटरवरच संशय असेल तर उपविभागीय कार्यालयात मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करा आणि तपासणीचं शुल्क भरा. तपासणीच्या वेळी हजर राहण्याची मागणी अर्जातच करा. मीटर सदोष निघालं तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार चाचणीच्या निकालाप्रमाणे बिल दुरुस्त होतं, पण तेही वाद उपस्थित झाल्याच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी. मीटर बंदच पडलं असेल तर त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने बिल लावतात, तेही तीनच महिन्यांपुरतं. ही तीन महिन्यांची मर्यादा दोन्ही बाजूंनी चालते. कार्यालयाने दोन वर्षांपूर्वीपासून मीटर हळू होतं म्हणून मोठी वसुली काढली, तर ही मर्यादा तुमची ढाल आहे. आणि तुमचं मीटर वर्षभर पळत असूनही तुम्ही गप्प बसलात, तर परत मिळणारे पैसे तीनच महिन्यांचे. म्हणून बिल फ्रिजवर ठेवू नका म्हणतो.

काही वेळा वाढ वापराची नसतेच. बिलात मागील थकबाकी आणि त्यावरचं व्याज आहे का बघा. ऑनलाइन भरलेले पैसे दुसऱ्याच ग्राहक क्रमांकावर गेल्याची प्रकरणं होतात, कारण बारा आकड्यांचा क्रमांक टाकताना एक आकडा चुकतो. उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचंही वेगळं बिल येतं. ते लाईट बिल नाही. वाढलेल्या वार्षिक वापरानुसार महावितरणकडे ठेवायची ही ठेव आहे, तिच्यावर व्याज मिळतं आणि ती हप्त्यांत भरता येते. दोन्ही बिलं एकत्र धरून 'बिल आठ हजार आलं' असं समजणारी माणसं बरीच असतात. शिवणकाम, शिकवणी, डबे असा घरातला छोटा व्यवसाय असेल तर वर्गवारीही वाचा. महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असेल आणि आदल्या वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर अशा घराला घरगुतीच दर लागतो. कोणी परस्पर व्यावसायिक वर्गात टाकलं असेल तर तक्रार तिथूनच सुरू करा.

वापरच वाढलाय हे मान्य असेल तर मात्र भांडणात वेळ घालवू नका, टप्पा उतरवा. मघाच्याच ३४० युनिटांच्या घरात चार जुन्या पंख्यांऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर महिन्याला ६५ युनिट वाचतात. हे युनिट सगळ्यांत वरचे, महागडे असल्याने बचत शुल्कासह हजार रुपयांच्या पुढे जाते. दोन-तीन उन्हाळ्यांत पंख्यांचे पैसे निघतात. एसी असेल तर त्याच्याआधी खोलीचं छत बघा. तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर एसी रात्रभर धापा टाकतो. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग दिला की फरक कळतो. वेळेनुसार दर लावणारं टीओडी मीटर बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर जुलै २०२५ पासून सवलत सुरू झाली आहे. मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं त्या वेळेत टाकावीत. आणि ज्यांचं बिल दर उन्हाळ्यात ३०० युनिट ओलांडतं, ज्यांची गच्ची स्वतःची आहे, त्यांनी गच्चीवरच्या सौर पॅनलसाठी असलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं गणित मांडून पाहावं. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि वऱ्हाडातल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतं. कर्ज काढून करायचं असेल तर हप्ता आणि वाचणारं बिल शेजारी-शेजारी लिहा, विक्रेत्याच्या कागदावरच्या हिशेबावर जाऊ नका.

आता ज्यांचं बिल खरोखर चुकलंय त्यांच्याविषयी. तोंडी तक्रार ही तक्रार नसते. १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर फोन करा, ॲपवर नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पण त्यासोबत उपविभागीय कार्यालयात एक पानाचा लेखी अर्ज द्याच. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, वादाचं बिल कोणत्या महिन्याचं, तुमचं आजचं रीडिंग, फोटो आणि नेमकी मागणी. 'बिल जास्त आलं, कमी करावे' असं लिहिलेले अर्ज फायलीत झोपतात. 'रीडिंग अमुक असताना तमुक धरले आहे, फोटो जोडला आहे, दुरुस्त बिल द्यावे' असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. साहेब बैठकीत आहेत, उद्या या, असं झालं तर आवक-जावक खिडकीवर द्या आणि पोच तिथूनच घ्या.

वाद निकाली निघेपर्यंत वीज तोडतील ही धास्ती सगळ्यांनाच असते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये तिच्यावर इलाज आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही. बिल न भरल्याबद्दल वीज तोडायची तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे नेहमी बाराशे येणाऱ्या घराला अचानक अठरा हजारांचं बिल आलं, तर अठरा हजार भरायची गरज नाही आणि काहीच न भरण्याची चैनही नाही. सरासरीएवढे भरा, आणि 'कलम ५६ नुसार निषेधासह भरत आहे' असं अर्जात लिहून पावती जोडा. त्याच कलमानुसार जुनी थकबाकी बिलांत सलग दाखवली गेली नसेल तर ती देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. अर्थात यात एक पाचर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमेरच्या एका प्रकरणात म्हटलं, की बिल काढल्यावरच रक्कम देय होते. कंपनीच्या चुकीमुळे राहिलेल्या रकमेची पुरवणी मागणी उशिरा आली तरी ती मागता येते, मात्र तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. त्यामुळे 'दोन वर्षं झाली, आता काय करतात' या भरवशावर कोणी राहू नये.

याच धास्तीवर जगणारी दुसरी जमात म्हणजे मोबाईलवरचे ठग. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला, की तो महावितरणचा नाही हे धरून चाला. फोन लावला की ते एखादं ॲप घ्यायला लावतात किंवा दहा रुपये भरायला सांगतात, आणि बँक खातं रिकामं होतं. मोठं बिल आलेल्या घरात असा मेसेज जास्त खरा वाटतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा.

उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. विद्युत कायद्यानेच तो प्रत्येक वितरण कंपनीला बंधनकारक केलाय. 'अनुसूची अ' या नमुन्यात अर्ज करायचा, वकील लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार यायला हवी. आपल्याकडची बहुतेक माणसं कार्यालयाच्या पायरीवरच दमतात आणि मंचापर्यंत पोचतच नाहीत. बिलाची प्रत, पोच, फोटो, लुकलुकीचे आकडे, मागच्या बारा महिन्यांचा वापर एवढी कागदं असली तर सुनावणीत तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. फक्त तुमच्यावर अनधिकृत वापराचा किंवा चोरीचा ठपका ठेवून कलम १२६ वा १३५ खाली रक्कम काढली असेल, तर मंचाचा रस्ता बंद असतो. १२६ च्या अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत, निम्मी रक्कम भरून, वेगळं अपील करावं लागतं. तिथे मात्र उशीर न करता जाणत्या वकिलाकडे जा.

मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल आहेत. अमरावती आणि अकोल्यासाठी त्यांचं कार्यालय नागपूरला. निकाल मिळाल्यापासून ६० दिवसांत त्यांच्याकडे निवेदन द्यावं लागतं, म्हणून निकालाची प्रत ज्या दिवशी हातात पडली ती तारीख त्या प्रतीवरच लिहून ठेवा.